हातातला गेम घेताय? आधी कॉन्ट्रा लावून बघा

खोक्यावर ‘१५,००० गेम’ लिहिलंय, घेऊ का, असा फोन आठवड्यातून एकदा तरी येतो. नव्वदच्या दशकात ज्यांनी टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ वाचलंय, त्यांना या आकड्याचं कौतुक सांगायला नको. आत मारिओ, कॉन्ट्रा, टँक, सर्कस आणि पुन्हा तोच मारिओ, फक्त पुढच्या लेव्हलपासून सुरू होणारा. आजच्या स्वस्त हँडहेल्डसोबत, म्हणजे हातात धरून खेळायच्या मशीनसोबत येणारं मेमरी कार्डही त्याच घराण्यातलं. आकडा सोडून द्या आणि तुम्हाला खरोखर खेळायचे असलेले दहा गेम कागदावर लिहा. पुढची सगळी निवड त्या कागदावरून होते.

हे पत्रक तीन ते सहा हजारांच्या आसपासच्या हँडहेल्डबद्दल आहे. आमच्याकडे ते दुरुस्तीला येतात आणि घेण्याआधी सल्ला विचारायलाही बरेच जण येतात. बहुतेक पस्तिशी-चाळिशीतले. मुलासाठी हवाय म्हणतात, पण कॉन्ट्रा स्वतःच लावतात.

चिप किती दमाची?

यादीत मारिओ, गेमबॉय, सेगा आणि पहिल्या प्लेस्टेशनपर्यंतचेच गेम असतील तर चिपवर रात्र जागवू नका. जुन्या निन्टेंडोचा प्रोसेसर जेमतेम १.७९ मेगाहर्ट्झचा होता, पहिल्या प्लेस्टेशनचा सुमारे ३४ मेगाहर्ट्झचा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या आर३६एसमध्ये रॉकचिपची आरके३३२६ आहे. ही चिप २०२० मध्येच हँडहेल्डमध्ये आली होती, म्हणजे जुनीच, पण एवढं काम ती सहज ओढते. मियू मिनी प्लसमध्ये तर फक्त १२८ एमबी रॅम आहे आणि तरीही प्लेस्टेशन बरा चालतो. निन्टेंडो ६४ आला की गाडी चढाला लागते. काही गेम चालतात, काही रडतात. पीएसपीचे (सोनीच्या हातातल्या प्लेस्टेशनचे) मोठे थ्रीडी गेम या किमतीत चालतील असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडूनच समोर चालवून घ्या. प्लेस्टेशन २ चं नाव काढणाऱ्याशी बोलण्यात वेळ घालवू नका.

चालतोय की नाही ते कानाने तपासा. पडद्यावर किंचित अडखळलेलं डोळ्यांना पटकन कळत नाही, पण मशीनला वेग झेपेनासा झाला की आवाज आधी फाटतो, संगीत खरखरतं. दहा मिनिटं आवाज मोठा करून ऐका.

बटणं: इथेच खरा वेळ द्या

आमच्या टेबलावर येणाऱ्या दहा तक्रारींपैकी निम्म्या चिपच्या नसतात, अधिक चिन्हासारख्या डी-पॅडच्या असतात. अंगठ्याने उजवीकडे दाबलं की मशीनला उजवं आणि वर असं दोन्ही मिळतं. हे आतल्या रबरामुळे होतं. रबर मऊ असेल किंवा खालच्या पट्टीवरचे संपर्क जवळजवळ असतील तर अंगठा जरा कलला की शेजारचाही टेकतो.

याची परीक्षा कॉन्ट्राइतकी चांगली कुठल्याच गेममध्ये होत नाही. पहिल्या लेव्हलला उजवं बटण दाबून धरा आणि अंगठा तसाच ठेवून किंचित वर-खाली डोलवा. गडी सरळ पळत सरळच गोळ्या मारायला हवा. बंदुकीची नळी मधेच तिरकी वर गेली तर डी-पॅड सैल आहे. आता उलट तपासा. स्ट्रीट फायटरमध्ये खाली, तिरकं, पुढे आणि लगेच ठोसा, असं हाडुकेन दहा वेळा मारून बघा. दहापैकी आठ लागले तर ठीक. पाचच लागले तर तिरकी दिशा नीट पकडत नाहीये. सैल डी-पॅड आणि अडखळणारा डी-पॅड हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यावर इलाज सोपा आहे: पट्टीवर टेपचा पातळ थर चिकटवून संपर्क अरुंद करायचा. हे काम आम्ही अर्ध्या तासात करून देतो. दुसऱ्याला बहुधा रबरच बदलावं लागतं, आणि नेमक्या मापाचं रबर दरवेळी मिळत नाही.

तेवढ्यात तीस लाइफचा कोडही मारून घ्या: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, स्टार्ट. लहानपणी रिमोटवर ज्याचा तो पाठ होता त्याचा अंगठा अजूनही विसरलेला नाही. डी-पॅड धड असेल तर पहिल्या झटक्यात लागतो.

खांद्यावरची, म्हणजे मशीनच्या वरच्या कडेची बटणं दाबताना टकटक आवाज आला तर तो दोष नाही. घरात कोणी झोपलं असेल तर त्रास होईल, इतकंच.

पडद्याचं गणित

या किमतीतले बरेचसे पडदे साडेतीन इंची आणि ६४० बाय ४८० चे असतात. जुन्या निन्टेंडोचं चित्र २५६ बाय २४० होतं. दुप्पट केलं की ५१२ बाय ४८०. उंचीत चपखल बसतं आणि दोन्ही बाजूंना ६४-६४ ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या उरतात. त्या पट्ट्या बघून पडदा छोटा दिला असं बऱ्याच जणांना वाटतं आणि ते चित्र ताणून पूर्ण ६४० करतात. मग काही ठिपके दोन घरं रुंद होतात, काही तीन, आणि मारिओ पळताना विटा लकलकतात. मात्र जुन्या टीव्हीवर मारिओ थोडा जाडसरच दिसायचा, त्यामुळे ताणलेलं चित्र तुम्हाला जास्त ओळखीचं वाटलं तर ते चूक नाही. आमचं मत विचाराल तर पट्ट्या राहू द्या.

प्लेस्टेशनचे बरेच गेम ३२० बाय २४० चे, म्हणून बरोबर दुप्पट. गेमबॉयचं १६० बाय १४४ चं चित्र तिप्पट होऊन छान बसतं. अडचण गेमबॉय अॅडव्हान्सची. त्याचं चित्र २४० बाय १६० चं, आणि ६४० ला २४० ने पूर्ण भाग जात नाही. दुप्पट केलं तर चित्र लहान दिसतं, पूर्ण रुंदीचं केलं तर पुन्हा लकलक. तुमच्या कागदावर अॅडव्हान्सचेच गेम जास्त असतील तर आम्हाला आधी सांगा, तीन-दोनच्या प्रमाणातला पडदा असलेलं मशीन शोधू.

‘मारिओ पूर्वीपेक्षा जोरात पळतोय’

ही तक्रार मशीन परत आणण्याइतकी गंभीर वाटते, पण ती खोटी नाही आणि तो बिघाडही नाही. भारतातले टीव्ही तेव्हा पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारे. आपल्याकडे मिळणारे नकली निन्टेंडो बहुतेक त्यालाच जुळवलेले असत, म्हणून मूळचा ६० चा गेम घरी सुमारे सहाव्या भागाने संथ चालायचा. आपलं बालपण संथ मारिओवर गेलं आणि अंगठ्याला तीच लय बसली. रेट्रोआर्च या गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एफसीईयूएमएम नावाच्या कोअरच्या (निन्टेंडोची नक्कल करणाऱ्या भागाच्या) पर्यायांत प्रदेश ‘डेंडी’ करा, जुनी चाल परत येते. सिंहगड रोडवरच्या एका काकांना आम्ही हे करून दिलं. कितीतरी वेळ ते काही बोललेच नाहीत, नुसते सर्कसमधला सिंह उड्या मारत नेत राहिले.

कार्ड आणि जुळी भावंडं

सोबत आलेलं बिनानावाचं कार्ड पहिल्या दिवशीच बदला. ते गेलं की सेव्ह केलेलं सगळं जातं, आणि ते जातंच. नवीन कार्ड नामांकित कंपनीचं, पक्क्या बिलाने घ्या. तपकीर गल्लीतून घेतलं तरी आमच्याकडे आणा, सांगितलेली जागा खरी आहे का ते फुकट तपासून देतो.

आर३६एसची आणखी एक गंमत आहे. त्याच नावाने, त्याच डब्यातून आतून वेगळी मशीनं विकली जातात. अस्सल म्हणवणाऱ्यांतही पडद्याचे पॅनेल वेगवेगळे असतात. एका गिऱ्हाईकाने घरीच आर्कओएस ही मशीन चालवणारी प्रणाली नव्या कार्डावर टाकली आणि पडदा काळाठिक्कर झाला. आवाज येत होता, मेनूची टिकटिक चालू होती, दिसत काहीच नव्हतं. मशीन गेलं समजून ते घेऊन आले. नशिबाने जुनं कार्ड त्यांनी फेकलं नव्हतं. त्यातल्या बूट विभागातली त्यांच्या पॅनेलची डीटीबी फाइल (मशीनला पडदा कोणता ते सांगणारी) नव्या कार्डावर ठेवली आणि पडदा उजळला. म्हणून काहीही करण्याआधी मूळ कार्डाची पूर्ण प्रत संगणकावर काढून ठेवा. जुळं, म्हणजे आतून वेगळं मशीन असेल तर आर्कओएस चालेलच असं नाही, ते आम्ही उघडून सांगतो.

चार्जिंग

मोबाइलचा फास्ट चार्जर लावू नका, साधा ५ व्होल्टचा चालतो. दोन्ही टोकांना सी असलेल्या वायरने काही मशीनं चार्जच होत नाहीत. कंपनीने पोर्टामागचे दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात. जुन्या चौकोनी यूएसबीची वायर वापरली की काम होतं. सेल तपासायचा तर पूर्ण चार्ज करून, उजेड मध्यम ठेवून एखादा गेम चालू सोडा आणि वेळ लिहा. डब्यावर ३२०० एमएएच लिहिलंय आणि मारिओ तीन तासांच्या आत बंद पडला तर आत तेवढा सेल नाही. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर चार्जिंगला लावू नका, तसंच घेऊन या.

आम्ही गेम भरून देत नाही

याबद्दल रुसवे होतात, म्हणून लिहूनच ठेवतो. इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम ठेवण्यात अडचण नाही, पण १९८५ चा मारिओही अजून कॉपीराइटखाली आहे आणि १९५७ चा कायदा दुकानदाराला ओळखतो. प्लेस्टेशन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं, बायोस फाइलचंही तेच. आम्ही तपासणीसाठी २४०पी टेस्ट सुईट वापरतो, ते मोफत आहे. नवीन काही खेळायचं तर २०१९ चा मायक्रो मेजेस विकत घ्या. जुन्या निन्टेंडोसाठी आज लिहिलेला अख्खा गेम, फक्त ४० केबीचा, आणि चौघांना एकत्र खेळता येतो.

येताना काय आणायचं

मशीन, मूळ कार्ड, सोबत आलेली वायर आणि ऑनलाइन घेतलं असेल तर परत करायची शेवटची तारीख. तपासणीचे १५० रुपये. आमच्याकडेच दुरुस्ती केली तर ते बिलातून वजा होतात. सोमवारी बंद. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, आणि टेबलावरचा कॉन्ट्रा सहसा कोणीतरी अडवलेला असतो.