इंडियन ओशन सिनेमातून आलेला बँड नाही, भाऊ

आपल्या दारव्हा-दिग्रसकडं पोट्टे अजूनही छातीठोक सांगतात, की इंडियन ओशन हा 'ब्लॅक फ्रायडे' पिक्चरसाठी बनवलेला बँड आहे अन् 'माँ रेवा' गाणं त्यांनी स्वतः लिहिलं. दोन्ही गोष्टी चूक आहेत, अन् मला हे मनापासून खटकते.

पिक्चर थेटरात लागला 2007 मध्ये. बँड 1990 पासूनचा, दिल्लीचा, सुष्मित सेन अन् असीम चक्रवर्ती यांनी सुरू केलेला. 'कंदिसा' अल्बम 2000 चा, म्हणजे पिक्चरच्या कितीतरी आधी ते नावारूपाला आले होते. 'माँ रेवा' तर नर्मदाकाठचं पारंपरिक गाणं, बँडमध्ये बेस गिटार वाजवणारे राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात होते, तिथूनच ते बँडमध्ये आलं. श्रेय त्या काठच्या लोकांचं आहे, ते त्यांनाच द्या ना बाप्पा.

बँडचा आवाज बदलला हे मात्र खरं, पण पिक्चरमुळं नाही. असीमदा मांडी घालून बसायचे, तबला वाजवता वाजवताच गायचे, अन् सुष्मितची गिटार त्याभोवती फिरायची. अमित किलम ड्रमसोबत गाबगुबी वाजवतात, आपल्या गोंधळ्याच्या तुणतुण्यासारखी, फक्त तिला दांडी नसते, तार हातानं ताणली की सूर वर चढते. 2009 मध्ये असीमदा गेले, 2013 मध्ये सुष्मितनं बँड सोडला, मग हिमांशु जोशींचा गळा अन् निखिल रावची इलेक्ट्रिक गिटार पुढं आली. 'कंदिसा' अन् 2014 चा 'तंदानू' लागोपाठ लावा, फरक लगेच समजते.