चोरीची व्याख्या आणि परत केलेली वस्तू

भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, चोरीचे कलम ३७८ आता ३०३ झाले आणि फसवणुकीचे चारसोवीस ३१८ मध्ये गेले. १ जुलै २०२४ ला आकडे बदलले, पण चोरीची व्याख्या जवळपास १८६० चीच राहिली.

जुन्या दंड संहितेचा पहिला मसुदा १८३७ चा. इंग्लंडमध्ये तेव्हा चोरीचा कायदा जुन्या निवाड्यांच्या ठिगळांवर चालत होता आणि वस्तू मालकाला कायमची मुकवण्याचा हेतू सिद्ध करावा लागे. इथल्या मसुद्याने ही अट घेतलीच नाही. त्याऐवजी ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द घेतला आणि गैरलाभ किंवा गैरहानी करण्याचा हेतू असा त्याचा अर्थ बांधून दिला. वस्तू किती काळासाठी नेली, याबद्दल कलमात अक्षर नाही, आणि शंभर वर्षांनी पेच पडला तो नेमका यावरच.

१९५२ मध्ये जोधपूरच्या हवाई दल अकादमीतून दोघांनी परवानगीविना एक विमान उडवले आणि ते पाकिस्तानात उतरले. एक प्रशिक्षणार्थी होता, दुसऱ्याला आदल्याच दिवशी काढून टाकले होते. विमान कायमचे बळकावायचे नव्हते, हा त्यांचा बचाव. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५७ च्या निकालात तो टिकला नाही. विमानाचा अनधिकृत वापर हाच गैरलाभ आणि तेवढा वेळ ते सरकारच्या हाती नसणे हीच गैरहानी, असे ठरले.

दुसरे प्रकरण अलवरचे आणि माझ्या मते जास्त अवघड. सरकारी कचेरीतल्या एका अधीक्षकाने फाइल घरी नेली, बाहेरच्या माणसाला दाखवली, मधल्या काळात तिच्यातले कागद बदलले गेले, मग फाइल परत जागेवर आली. कचेरीत रोज हाताळायची फाइल, तीही परत केलेली, मग चोरी कसली? १९६२ मध्ये निकाल लागला तो चोरी म्हणूनच: ताबा खात्याचा होता आणि तात्पुरते वंचित करणेही पुरेसे. दंड २०० रुपये. कागदांची अदलाबदल हा खरा गुन्हा होता, पण शिक्षा झाली ती फाइल नेण्याबद्दल.

विजेचे मात्र या चौकटीत जमले नाही. चोरी होते ती जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या मालमत्तेची, आणि जुन्या संहितेत जंगम मालमत्ता म्हणजे मूर्त वस्तू. त्यामुळे वीजचोरी हा ३७८ खालचा गुन्हा नव्हे, तो वीज कायद्याने निर्माण केलेला गुन्हा, असे १९६४ मध्ये ठरले. नव्या संहितेने जंगम मालमत्तेच्या व्याख्येतून ‘मूर्त’ शब्द गाळला आहे. त्याचा आवाका किती, हे निकालांतूनच कळेल.

फसवणूक आणि विश्वासघात यांचा घोळ तर अजून मिटलेला नाही. फसवणुकीत लबाडीचा हेतू सुरुवातीपासून असतो. विश्वासघातात माल आधी विश्वासाने सोपवलेला असतो आणि नियत नंतर फिरते. एकाच व्यवहारात एकाच वेळी दोन्ही बसत नाहीत, तरीही फिर्यादीत विश्वासघाताचे ४०६ आणि फसवणुकीचे ४२० जोडीनेच येत राहिले. १६२ वर्षांनंतरही हा फरक न्यायालयांना उमगू नये, अशी खंत २०२४ च्या एका निकालाने व्यक्त केली.

नव्या ३०३ मध्ये एक भर आहे: माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा, दोषी पहिल्यांदाच ठरलेला, आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, तर शिक्षा समाजसेवेची. परत करण्याला जागा मिळाली ती शिक्षेत. व्याख्येत अजूनही नाही.