उच्च शक्तीचा अँटेना ट्यूनर

हौशी रेडिओच्या ट्रान्समीटरला 50 ओहमचा भार लागतो आणि अँटेना क्वचितच नेमका तेवढा भार दाखवते. या दोहोंचा मेळ घालणारे उपकरण म्हणजे अँटेना ट्यूनर. भारतात सामान्य श्रेणीच्या परवान्यावर 400 वॅटपर्यंत शक्ती वापरता येते. एवढी शक्ती पेलणारा ट्यूनर विदर्भातल्या खेड्यातही हाताने बनवता येतो.

शेतात जागेची अडचण नसते. दोन कडुनिंबांमध्ये 40 मीटर तार ताणून मधोमध समांतर तारांची फीडर (ट्रान्समीटरची शक्ती अँटेनापर्यंत नेणारी जोडतार) जोडली, की 3.5 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची सोय होते. तीच तार 7 मेगाहर्ट्झवर मात्र काही हजार ओहम दाखवू शकते. 400 वॅट 50 ओहममध्ये गेले तर दाब सुमारे 140 व्होल्ट, पण 2000 ओहममध्ये गेले तर जवळपास 900, आणि शिखरावर साडेबाराशेच्या वर. जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर (स्टेशन लावताना फिरणाऱ्या पात्यांचा कंडेन्सर) इथे टिकत नाही. त्याच्या पात्यांतली फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी असते, त्यामुळे ठिणगी पडते.

म्हणून कंडेन्सर घरीच करावा. कोरडी हवा मिलिमीटरला सुमारे 3000 व्होल्ट सोसते, पण कपाशीच्या हंगामातली धूळ-तंतू आणि पावसाळ्याची दमट हवा धरता 2 मिलिमीटर फट ठेवणे शहाणपणाचे. 1 मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची, 9 सेंटिमीटर व्यासाची अर्धवर्तुळाकार पाती कापली, की दर फटीला साधारण 13 पिकोफॅरड मिळतात. 250 पिकोफॅरडसाठी 19 फटी, म्हणजे 20 पाती. एकाच बाजूच्या (फिरत्या किंवा स्थिर) दोन पात्यांमध्ये 5 मिलिमीटरची बुशिंग येते. लेथवाल्याकडून सगळ्या एकाच मापाच्या काढून घ्याव्यात. बुशिंगऐवजी वॉशरांची चळत रचली तर जाडीतला फरक साठत जातो आणि शेवटची पाती घासतात. पात्यांच्या कडा कानशीने गोल करायला विसरू नये, कारण ठिणगी टोकावरूनच उडते.

टी-जोडणीत असे दोन कंडेन्सर ओळीने आणि मधून जमिनीकडे कॉइल असते. दोन्ही कंडेन्सरांचा दांडा तापत्या, म्हणजे उच्च दाबाच्या, बाजूला असल्याने मुठीपर्यंत ॲक्रिलिकचा जोड हवाच, नाहीतर बोट भाजते. कॉइलला फ्रिज-एसी मेकॅनिककडची तांब्याची नळी चालते. 7 मेगाहर्ट्झला प्रवाह पृष्ठभागाच्या जेमतेम 0.025 मिलिमीटर थरातून वाहतो, त्यामुळे पोकळ नळीने काही बिघडत नाही. फिरत्या चाकाच्या कॉइलपेक्षा वेढ्यांवरून ठिकठिकाणी काढलेले टॅप (जोडबिंदू) घरगुती कामाला अधिक भरवशाचे. ट्यूनर आणि समांतर फीडर यांच्यामध्ये बॅलन लागतो; एक बाजू जमिनीला असलेल्या ट्यूनरचा दोन्ही तारा सारख्या असलेल्या फीडरशी मेळ तो घालतो.

जुळवणी आधी 10 वॅटवर करावी. टी-जोडणीत एसडब्ल्यूआर (भार किती बेमेळ आहे ते दाखवणारे प्रमाण) खाली आणणाऱ्या जागा एकाहून जास्त सापडतात. त्यातली जास्तीत जास्त कंडेन्सर आणि कमीत कमी कॉइल वापरणारी निवडावी, नाहीतर शक्ती कॉइल तापवण्यात जाते. पूर्ण शक्ती चालू असताना टॅप बदलू नये.

रेडिओत दर सेकंदाला ठिणगीसारखी 'टिक' ऐकू आली तर ट्यूनर उघडण्याआधी ट्रान्समीटर बंद करून पाहावे. आवाज तरीही आला, तर तो बहुधा रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनचा (कुंपणाला विजेचे ठोके देणाऱ्या यंत्राचा) असतो.