ज्वारी रात्र मोजते

महिनाभराच्या ज्वारीचे ताट बुडाशी कापून पात्याने उभे चिरले आणि आतली कोवळी पाने एकेक करून सोलली, तर अगदी मधोमध टाचणीच्या डोक्याहूनही लहान, पांढुरका कोंब सापडतो. पानेच काढत राहायचे की कणसाला लागायचे, हे या कोंबात ठरते. त्याची वर्दी मात्र पानांकडून येते. पानांतले फायटोक्रोम हे रंगद्रव्य प्रकाश टिपते आणि त्याच्या जोडीने चालणारे पेशींमधले घड्याळ अंधाराचा अवधी मोजते. ज्वारी आणि बाजरी ही खरे तर लांब रात्रीची, म्हणजे रात्र लांबली की कणसाला लागणारी पिके, पण १९२० साली गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून वनस्पतींचा हा गुण मांडला, तेव्हा ‘लहान दिवसांची’ असे नाव पडले आणि तेच चिकटले.

सोलापुरात २१ जूनचा दिवस सुमारे १३ तास १० मिनिटांचा, तर २१ डिसेंबरचा ११ तास ५ मिनिटांच्या आसपास असतो. हा फरक आपल्या फारसा लक्षात येत नाही. दिवसाच्या लांबीला संवेदनशील असलेल्या वाणाला मात्र याहून कितीतरी कमी फरकही पुरतो. दिवस मोठे असेपर्यंत कोंब पानेच काढतो, आणि प्रत्येक पेराला एक पान असल्यामुळे पेरे वाढतात, ताट उंच होते, कडबा भरपूर मिळतो, पण कणीस येणे लांबणीवर पडते.

खरिपाचे जुने गावठी वाण याच गुणावर उभे होते. पेरणी पंधरा-वीस दिवस मागेपुढे झाली तरी निसवण्याची, म्हणजे कणीस बाहेर पडण्याची, वेळ तितकी हलत नसे. पाऊस ओसरताना ज्वारी पोटरीतून बाहेर पडे आणि दाणा कोरड्या हवेत भरे. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये नेमकी उलटी अडचण होती: उष्ण प्रदेशातली उंच ज्वारी तिथल्या लांब उन्हाळी दिवसांत वेळेवर निसवतच नसे. म्हणून १९६३ पासून पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या लहान दिवसांत संकर करायचे आणि टेक्सासच्या मोठ्या दिवसांत बुटकी, लवकर येणारी झाडे निवडायची, असा कार्यक्रम तिथे राबवला गेला.

आपल्याकडे १९६४ साली आलेला सीएसएच-१ हा पहिला संकरित वाणही बुटका, लवकर येणारा आणि दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा न करणारा होता; त्याच्या संकरातला मादी वाण, कंबाइन काफिर ६०, अमेरिकेतलाच. उत्पादन वाढले यात वाद नाही. मात्र कणीस पाऊस संपण्याआधीच पक्व होऊ लागल्याने दाण्यावर बुरशी चढली, काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेना, आणि बुटक्या ताटांमुळे गुरांच्या वाट्याचा कडबाही घटला.