प्लॅनेटॉइड

प्लॅनेटॉइड : बीबीसी मायक्रो या ब्रिटिश गृहसंगणकावरील नेमबाजीचा खेळ. आज्ञावलीकार नील रेन. प्रकाशक एकॉर्नसॉफ्ट, म्हणजे केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीची सॉफ्टवेअर शाखा. प्रकाशनवर्ष १९८२. विल्यम्स इलेक्ट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीच्या ‘डिफेंडर’ या आर्केड (खेळघरातील नाण्यावर चालणाऱ्या यंत्रावरील) खेळाचे हे घरगुती रूप असून ते मूळ कंपनीचा परवाना न घेता तयार झाले.

नाव व कालनिश्चिती : खेळ प्रथम ‘डिफेंडर’ याच नावाने विक्रीस आला आणि व्यापारचिन्हाचा वाद टाळण्यासाठी लवकरच ‘प्लॅनेटॉइड’ झाला. त्यामुळे एकाच खेळाची दोन नावांची कॅसेट आढळते व संग्राहक पहिल्या नावाच्या कॅसेटला अधिक मान देतात. मूळ आर्केड खेळाच्या सालाबाबत खेळांच्या सूचींमध्ये एकवाक्यता नाही. १९८० च्या शरद ऋतूत शिकागोच्या व्यापारी प्रदर्शनात तो मांडला गेला. यंत्रे खेळघरांत सर्वत्र पोहोचली ती मात्र १९८१ मध्ये. प्रदर्शनाची तारीख धरणारे १९८० लिहितात, वितरणाची धरणारे १९८१. लोक प्रत्यक्ष नाणे टाकून केव्हा खेळू लागले हे महत्त्वाचे मानल्यास १९८१ हेच साल अधिक ग्राह्य ठरते. मूळ खेळाची कल्पना यूजीन जार्व्हिस यांची. लॅरी डेमार यांचे साहाय्य त्यास लाभले.

खेळाचे स्वरूप : ग्रहाच्या पृष्ठभागावर माणसे आहेत. वरून उतरणारी ‘लँडर’ ही शत्रूची अवकाशयाने त्यांना उचलून नेतात. माणसासह यान पडद्याच्या माथ्याला पोहोचले की त्याचे वेडेपिसे ‘म्यूटंट’ होते. सर्व माणसे गमावली तर ग्रहच फुटतो आणि आकाशात फक्त म्यूटंट उरतात. खेळाडूने लँडरला अचूक टिपले तर माणूस खाली पडू लागतो आणि त्याला अधांतरी झेलून जमिनीवर सोडावे लागते. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये (१९७८) तोफ तळाशी डावी-उजवीकडे सरकत असे. येथे यान दोन्ही दिशांना सुसाट धावते आणि जग पडद्याहून कितीतरी मोठे आहे. ते सबंध जग पडद्याच्या माथ्यावरील चिंचोळ्या पट्टीत, ‘स्कॅनर’मध्ये, ठिपक्यांनी दिसते. नवखा खेळाडू आपल्या यानाकडे पाहतो, मुरलेला स्कॅनरकडे.

आर्केड यंत्रावर वर-खाली करण्यास एक दांडा व पाच बटणे होती : दिशाबदल, वेग, गोळी, स्मार्ट बॉम्ब (पडद्यावरील सर्व शत्रू एकदम नष्ट करणारा) व हायपरस्पेस (यानाला अचानक भलत्याच जागी नेणारी उडी). घरच्या संगणकावर ही सामग्री कळफलकावर बसवावी लागली. प्लॅनेटॉइडमध्ये ‘ए’ने वर, ‘झेड’ने खाली, शिफ्टने वेग, स्पेसबारने दिशाबदल, रिटर्नने गोळी, टॅबने स्मार्ट बॉम्ब आणि ‘एच’ने हायपरस्पेस. ही मांडणी वाचताना विचित्र वाटते, हाताला मात्र ती विचित्र नाही. उजवीकडील शिफ्ट आणि रिटर्न शेजारी असल्याने वेग व गोळी एका हातात येतात, डाव्या हाताची दोन बोटे ‘ए’-‘झेड’वर राहतात आणि दिशाबदल अंगठ्यावर जातो. हायपरस्पेसची कळ तेवढी दूर, कळफलकाच्या मध्यभागी आहे. अखेरचा उपाय म्हणून ते योग्यच म्हणावे लागेल.

तांत्रिक रचना : प्रस्तुत खेळाचे खरे महत्त्व येथे आहे. डिफेंडरच्या यंत्रात केवळ पडद्यावरील चित्र साठवण्यासाठी सुमारे ३८ किलोबाइट स्मृती होती. बीबीसी मायक्रोच्या ‘मॉडेल बी’ची सगळी मिळून स्मृती ३२ किलोबाइट. त्यावर अनेक रंग हवे असतील तर पडद्याचा ‘मोड २’ हा प्रकार घ्यावा लागे. त्यात आडवे १६० व उभे २५६ बिंदू मिळत आणि एका बाइटमध्ये दोन बिंदू बसत. अर्थात एका पडद्याला २०,४८० बाइट लागत. उरलेल्या १२ किलोबाइटपैकी साडेतीन संगणकाची स्वतःची कार्यप्रणाली कॅसेटवर काम करतानाही अडवून ठेवी. म्हणजे नियमाने चालणाऱ्या आज्ञावलीस ८,७०४ बाइट मिळत. यानांची चित्रे, शत्रूंची वागणूक, आवाज, गुणांकन हे सगळे एवढ्यात बसवायचे. डिस्क ड्राइव्ह जोडला तर तोही आणखी पावणेतीन किलोबाइट खाई. म्हणून कॅसेटवरचे खेळ डिस्कवर घेणारे हौशी लोक आज्ञावली आधी स्मृतीत वरच्या जागी उतरवून मग खाली सरकवत. हा उद्योग त्या काळी खेळाइतकाच रंगे.

जमेच्या बाजूही होत्या. डिफेंडरचा ६८०९ प्रोसेसर १ मेगाहर्ट्झने चाले, तर बीबीसी मायक्रोचा ६५०२ हा २ मेगाहर्ट्झने. शिवाय स्मृती प्रोसेसर व पडदा यांना आळीपाळीने मिळे. अनेक समकालीन गृहसंगणकांत चित्र दाखवताना प्रोसेसरला ताटकळावे लागे, ती अडचण येथे नव्हती. सर्वांत उपयोगी पडली ती पडदा हाताळणारी ६८४५ ही चिप. चित्र स्मृतीत कोठून वाचायला सुरुवात करायची हे तिच्या दोन नोंदकांत (चिपमधील आकडे साठवण्याच्या जागांत) लिहिलेले असते. तो आकडा एक या अंकाने बदलला की सगळा पडदा एका स्तंभाने, मोड २ मध्ये दोन बिंदूंनी, सरकतो. वीस किलोबाइट हलवण्याऐवजी नव्याने उघडलेल्या कडेचे २५६ बाइट लिहिले की भागते. आर्केड यंत्रात ही सोय नव्हती. तेथे भूभाग पुसून पुन्हा काढला जाई. प्लॅनेटॉइडचा सरकता भूभाग ६८४५ च्या या सोयीवरच आधारलेला मानला जातो. या युक्तीची किंमत अशी की पडदा सरकताना त्यावरचे सगळेच सरकते, त्यामुळे जे जागचे हलू नये ते (गुणसंख्या, स्कॅनर) पुन्हा पुन्हा जागेवर आणावे लागते.

नक्कल की पुनर्रचना : बहुतेक सूचींत प्लॅनेटॉइडची नोंद ‘नक्कल’ अशी होते. खेळाच्या कल्पनेपुरते ते खरे आहे. वर वर्णिलेली आज्ञावली मात्र पहिल्या ओळीपासून नवी आहे. हा फरक शब्दच्छल नव्हे. डिफेंडरच्याच बाबतीत विल्यम्स विरुद्ध आर्टिक इंटरनॅशनल हा खटला अमेरिकेत १९८२ मध्ये अपील न्यायालयात निकाली निघाला. आर्टिकने ‘डिफेन्स कमांड’ नावाच्या खेळाचे सर्किट बोर्ड विकले होते व त्यांतील आज्ञावली मूळ चिपमधून उचललेली होती. चिपमध्ये कोरलेल्या आज्ञावलीलाही लेखाधिकाराचे संरक्षण आहे, असा निर्णय झाला. ब्रिटनमध्ये आज्ञावलींच्या लेखाधिकाराबद्दल स्पष्ट कायदा १९८५ मध्ये आला. त्याआधीच्या संदिग्ध काळात नाव बदलणे हा प्रकाशकांना पुरेसा खबरदारीचा उपाय वाटला असावा. एकॉर्नसॉफ्टचाच ‘आर्केडियन्स’ (‘गॅलॅक्सियन’वरून) आणि ‘स्नॅपर’ (‘पॅक-मॅन’वरून) याच परंपरेतले. ॲपल २ संगणकावर नासिर गेबेली यांचा ‘गॉर्गन’ (१९८१) आणि व्हिक-२० या गृहसंगणकावर जेफ मिंटर यांचा ‘अँडीज अटॅक’ हेही डिफेंडरचेच वंशज. दुसऱ्यात माणसांच्या जागी लामा आहेत. उलट अटारी २६०० या घरगुती खेळयंत्रावरील अधिकृत डिफेंडरमध्ये गोळी झाडताच खेळाडूचे यानच क्षणभर दिसेनासे होई. परवाना असणे आणि मुळाशी इमान राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यावरून ध्यानात येते.

भारतातील संदर्भ : १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पासाठी भारत सरकारने बीबीसी मायक्रो निवडला. चंदीगडजवळील मोहाली येथील सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने तो ‘युनिकॉर्न’ या नावाने येथे तयारही केला. प्लॅनेटॉइड ज्या यंत्रासाठी लिहिला गेला त्याच जातीचे यंत्र अशा रीतीने भारतीय वर्गांत आले, ते अर्थातच शिक्षणाचे साधन म्हणून.

आज हा खेळ बीबएम, जेएसबीब यांसारख्या अनुकारी (जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या) आज्ञावलींवर खेळता येतो. जेएसबीब तर ब्राउझरमध्येच चालते. मात्र त्या काळी कॅसेटवरून सेकंदाला १,२०० बिट या गतीने खेळ चढताना टेपरेकॉर्डरचा आवाज कमी-जास्त करत बसावे लागे. तो भाग आता गळाला आहे.