कमांडने फोटो सेव्ह होतो तेव्हा : थोडी पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर बाय 13 मीटर आहे. शेजारी उभं राहून तो कॅमेऱ्यात मावत नाही, ड्रोन वर न्यावा लागतो. कोकणातली कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. अशा शिल्पाची नोंद करायची तर ढीगभर फोटो जोडायचे, कापायचे, उजेड सारखा करायचा आणि पुन्हा फाइलीत लिहायचे. प्रत्येकाला हाताने ‘सेव्ह अ‍ॅज’ करत कोण बसणार? तिथे पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतली एक ओळ कामाला येते : ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या तयार कोडच्या लायब्ररीची ‘आयएमराइट’ ही कमांड. कंसात फाइलीचं नाव आणि चित्र, बस्स. नावाच्या शेवटी ‘जेपीजी’ लिहिलं की एका तऱ्हेची फाइल, ‘पीएनजी’ लिहिलं की दुसऱ्या. या तीन अक्षरांमागे मात्र बरीच भांडणं आहेत.

संगणकात चित्र पहिल्यांदा शिरलं ते 1957 साली. अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन केला, 176 बाय 176 ठिपक्यांचा. पुढे अडचण झाली ती जागेची आणि देवाणघेवाणीची. 1988 च्या सुमारास जेफ पोस्कँझर यांनी पीबीएम हा चित्राच्या फाइलीचा साधा प्रकार काढला. चित्र म्हणजे शून्य आणि एक यांची मजकुरासारखी यादी, म्हणजे ई-मेलमधूनही धड पोचावं. जॉन क्रिस्टी यांनी ड्यूपाँ कंपनीत असताना लिहिलेलं इमेजमॅजिक हे चित्रं बदलणारं सॉफ्टवेअर 1990 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यातली ‘कन्व्हर्ट’ ही कमांड अनेकांची पहिली ओळख. विंडोजमध्ये त्याच नावाची, डिस्कची फाइलव्यवस्था बदलणारी कमांडही होती, त्यामुळे गोंधळ ठरलेला. इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीत मुख्य कमांड ‘मॅजिक’ झाली.

मधल्या काळात जीआयएफचं लफडं झालं. कॉम्प्युसर्व्ह कंपनीने 1987 मध्ये आणलेला हा चित्रफाइलीचा प्रकार एलझेडडब्ल्यू नावाच्या पद्धतीने फाइल लहान करायचा, आणि त्या पद्धतीचं पेटंट युनिसिस कंपनीकडे होतं. 1994 च्या डिसेंबरात जीआयएफ लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरकडून परवाना शुल्क घेण्याचं जाहीर झालं आणि प्रोग्रामर मंडळी भडकली. अवघ्या काही आठवड्यांत पेटंटमुक्त पर्यायाची चर्चा सुरू झाली. त्यातून ऑक्टोबर 1996 मध्ये पीएनजी हे प्रमाण ठरलं. यात एकही ठिपका हरवत नाही.

जेपीजीची गोष्ट वेगळी. 1992 सालच्या या प्रमाणामागचं गणित बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये मांडलं होतं. चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन करायचे आणि डोळ्याला फारसे कळणार नाहीत असे बारकावे टाकून द्यायचे. लग्नाच्या फोटोला हे चालतं. कातळशिल्पाचं दुखणं असं की जांभा मुळातच खडबडीत, कोरलेली रेघ उथळ, आणि तिची कड म्हणजेच नेमका तो बारकावा. ओपनसीव्ही जेपीजीसाठी 100 पैकी 95 दर्जा धरते, म्हणून एकदा सेव्ह केल्याने फारसं बिघडत नाही. पण दर टप्प्याला उघडून, बदलून, पुन्हा जेपीजीत लिहिलं तर नुकसान साचत जातं. माझं मत स्पष्ट आहे : मधल्या सगळ्या फाइली पीएनजीत ठेवाव्यात, जागा कितीही खावोत, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची प्रत तेवढी जेपीजी.

ओपनसीव्हीचं काम इंटेलमध्ये 1999 साली सुरू झालं. तेव्हाची एक सवय तिने अजून सोडलेली नाही. रंगांचा क्रम ती निळा, हिरवा, लाल असा धरते. विंडोजच्या बिटमॅप या चित्रफाइलींमध्येही तोच होता. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून लाल-हिरवा-निळा अशा क्रमाने आलेलं चित्र तसंच ‘आयएमराइट’ला दिलं, तर तांबडा सडा निळसर होऊन बाहेर पडतो. हे निदान दिसतं तरी. न दिसणारी गोष्ट अशी की ड्रोनने फोटोत नोंदवलेले अक्षांश-रेखांश नव्या फाइलीत आपोआप उतरत नाहीत. सडे तर सगळे एकसारखे दिसतात, त्यामुळे मूळ फाइली पुसण्याआधी जागेच्या नोंदी वेगळ्या काढायला हव्यात. आणि ज्या फोल्डरचं नाव दिलं तो अस्तित्वातच नसेल, तर ही कमांड बहुतेक वेळा आरडाओरड न करता नुसतं ‘फॉल्स’ असं उत्तर देते. ते उत्तर तपासणारी ओळ लिहिलेली नसेल, तर प्रोग्राम शेवटपर्यंत सुरळीत चालतो आणि फाइल एकही तयार होत नाही.