पटावरची मुले आणि शिकलेली मुले

जूनमधल्या प्रवेशोत्सवाच्या भाषणांपासून विकसनशील देशांच्या प्रगतीवरील गंभीर लेखांपर्यंत एक विधान सर्वत्र आढळते, ते म्हणजे शिक्षण वाढले की देश पुढे जातो. विधान खरे आहे. परंतु त्याच्या पुष्ट्यर्थ जे आकडे पुढे केले जातात, ते पटनोंदणीचे, गळती कमी झाल्याचे, बांधलेल्या वर्गखोल्यांचे आणि शाळेत काढलेल्या सरासरी वर्षांचे असतात. मुले शाळेत आहेत एवढेच त्यांवरून कळते. ती शिकली का, हा निराळा प्रश्न आहे, त्याचे मोजमापही निराळे आहे आणि देशाच्या प्रगतीशी त्याचे नाते अधिक घट्ट आहे. सोलापुरात कारखान्यातील मागांची संख्या ऐकून कोणी टॉवेलच्या उत्पादनाचा हिशेब पुरा झाला असे मानत नाही. शाळांच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

शाळेत जाण्याच्या बाजूविषयी फार सांगण्याची गरज नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचे केले, २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क ठरला आणि १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वयोगटासाठी त्याचा कायदा लागू झाला. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०२२ मध्ये ग्रामीण भारतातील या वयाची ९८.४ टक्के मुले शाळेत दाखल असल्याचे दिसले. ऊसतोडीच्या हंगामात पालकांबरोबर फडावर गेलेली मुले पटावर असूनही वर्गात नसतात, ही आपल्या भागातली जुनी आणि अजून न भरलेली जखम आहे. तिच्याकडे दुर्लक्ष न करताही असे म्हणता येते की दाखल करून घेण्याचे काम बहुतांशी झाले आहे.

साक्षरता आणि शिक्षण यांतही गल्लत होते, पण ती सहज सुटते: जनगणनेत सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकते, तिला साक्षर म्हणतात आणि ही नोंद घरच्यांनी सांगितल्यावरून होते, परीक्षा घेऊन नव्हे. गुण आणि गुणवत्ता यांतला फरक तर दहावीच्या निकालानंतर अकरावीच्या वर्गात शिकवणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला विचारावा.

खरी फसगत होते ती पुढच्या समजुतीत. पाचवीत बसलेले मूल पाचवीचे शिकत आहे, फार तर थोडे मागे आहे आणि वर्षे जातील तसे हळूहळू का होईना पुढे सरकेल, असे पालक, पुढारी आणि पुष्कळ अधिकारीही धरून चालतात. वस्तुस्थिती तशी नाही. त्याच २०२२ च्या पाहणीत पाचवीतील केवळ ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. महासाथीत शाळा बंद होत्या, हे कारण पुरेसे नाही, कारण २०१८ मध्येही हे प्रमाण जेमतेम निम्मे होते.

हे जवळून पाहिल्याशिवाय पटत नाही. शहराच्या पूर्व भागातील, आई घरी विड्या वळते अशा घरातल्या पाचवीच्या एका मुलीला मी ५२ वजा २७ हे उदाहरण उभ्या मांडणीत सोडवायला दिले. तिने अक्षर सुंदर काढले, रेघ पट्टीने मारली आणि उत्तर ३५ लिहिले. तिने दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले होते आणि पाचातून दोन. मग मी तिला विचारले, बावन्न रुपयांतले सत्तावीस दुकानदाराला दिले तर हातात किती राहतील? तिने क्षणात पंचवीस सांगितले. मुलगी मंद नाही, आळशी नाही आणि गैरहजरही नव्हती. दशक-एकक ही कल्पना तिच्या मनात दुसरीत रुजली नाही, हातच्याची रीत तिने नुसती पाहिली, आणि वर्ग पुढे निघून गेला.

आता तिच्या वर्गात मोठे भागाकार चालू आहेत. भागाकाराच्या प्रत्येक पायरीला वजाबाकी लागते, म्हणजे बाई फळ्यावर जे लिहितात त्यातले काहीही तिच्या उपयोगाचे नाही. ती उत्तरे उतरवून घेते, वही पूर्ण असते, हजेरी पूर्ण असते आणि मूल्यमापनाच्या नोंदी सुबक भरल्या जातात. पुढच्या वर्षी अपूर्णांक येतील आणि अंतर वाढेल. शाळेतले वर्ष आणि शिकण्याचे वर्ष एकाच गतीने पुढे सरकत नाहीत. पाया सुटलेल्या मुलाच्या बाबतीत पहिले वाढत राहते आणि दुसरे जागच्या जागी थांबते. अभ्यासक्रम पूर्ण करण्याचे बंधन शिक्षकावर असते, पण मागे राहिलेल्या मुलापर्यंत परत जाण्याचा वेळ त्याला कोणी दिलेला नसतो. म्हणून सगळा दोष गुरुजींच्या माथी मारणाऱ्यांशी मी सहमत नाही.

सोलापुरात यात भाषेचीही भर पडते. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारे मूल मराठी शाळेत येते, आणि हल्ली तर थेट इंग्रजी माध्यमात घातले जाते. पहिल्या दोन वर्षांत त्याचे लक्ष वाचनाकडे न जाता अनोळखी आवाजांचा अर्थ लावण्यात खर्च होते. टाय-बूट आणि पाठ केलेली इंग्रजी कविता पाहून पालकांना समाधान वाटते. मला ते पाहवत नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सर्वत्र पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडचीच चर्चा झाली. त्यांनी ती पुस्तके मुलांच्या मातृभाषेत आणली, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

देशांच्या पातळीवरही हाच भेद दिसतो. १९६० च्या सुमारास लॅटिन अमेरिकेतील देश दरडोई उत्पन्नात पूर्व आशियाच्या पुढे होते आणि शालेय वर्षांतही मागे नव्हते. पुढच्या चार दशकांत पूर्व आशिया कितीतरी पुढे निघून गेला. एरिक हनुशेक आणि लुडगर वोसमन या अर्थशास्त्रज्ञांनी आंतरराष्ट्रीय चाचण्यांतील गुणांची या वाढीशी सांगड घातली, तेव्हा वाढीतील हा फरक शाळेत काढलेल्या वर्षांपेक्षा मुलांना प्रत्यक्ष काय येते याने अधिक चांगला उलगडतो, असे दिसले. व्हिएतनामने २०१२ मध्ये ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत प्रथमच भाग घेतला आणि गणितात ५११ गुण मिळवले, तर श्रीमंत देशांची सरासरी ४९४ होती. तिथली बरीच पंधरा वर्षांची मुले तोवर शाळेबाहेर पडलेली असल्याने हा आकडा थोडा फुगलेला आहे, तरी त्या उत्पन्नाच्या देशासाठी तो असाधारणच आहे. त्याआधीच्या फेरीत आपल्या तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेशातील मुले यादीच्या तळाशी होती, आणि ही दोन्ही राज्ये पटनोंदणीत देशात अग्रेसर मानली जातात.

मात्र यावरून शाळा काढणे व्यर्थ आहे, असा उलटा निष्कर्ष काढणारेही तितकेच चुकतात. इंडोनेशियाने १९७३ पासूनच्या पाच-सहा वर्षांत ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या, आणि अर्थशास्त्रज्ञ एस्तेर दुफ्लो यांच्या अभ्यासात त्या भागांतील मुलांचे शिक्षण आणि पुढे त्यांची मजुरीही वाढल्याचे आढळले. शिवाय शाळेत असलेल्या मुलीचे लग्न लवकर उरकले जात नाही आणि तिला दुपारचा आहार मिळतो, हे लाभ ती किती शिकली यावर अवलंबून नाहीत.

उपायांत माझी पसंती स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली, पण दशक-एकक न समजलेल्या मुलीला पुन्हा पाचवीतच बसवल्याने तिला तेच मोठे भागाकार दुसऱ्यांदा उतरवून घ्यावे लागतील. डिजिटल फलक आणि रंगवलेल्या बोलक्या भिंती याही तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. दिवसातला एक तास इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला जे येते तिथून शिकवणारे गट करावेत. या शतकाच्या आरंभी मुंबई आणि वडोदरा येथे ‘बालसखी’ उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना वेगळे घेऊन पायाभूत गोष्टी शिकवल्या, तेव्हा त्यांची प्रगती चाचण्यांत दिसून आली होती. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकगणित येण्यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरवली आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत पट आणि बांधकाम यांच्या आधी तिसरीतील किती मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो, हे नावानिशी विचारावे आणि त्यासाठी दोन-तीन मुलांना समोर बसवून वाचायला लावावे.